अर्ध्या पिक्सेलचा हिशेब

वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी आणि कित्येकदा वेगवेगळ्या साधनांनी तयार झालेली चित्रे एकावर एक अशी बसवायची, की पाहणाऱ्याला ती एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी टिपलेली वाटावीत, या कामाला दृश्यपरिणामांच्या व्यवसायात कंपोझिटिंग म्हणतात. रंग जुळवणे, कडा कापणे, धूर आणि धूळ मिसळणे अशा अनेक क्रिया त्यात येतात. पण चित्र सरकवणे, फिरवणे, लहानमोठे करणे, कोपरे धरून ताणणे या क्रिया इतक्या वारंवार कराव्या लागतात आणि करायला इतक्या सोप्या वाटतात, की त्यांच्याकडे कारागिरी म्हणून पाहण्याची कोणाला गरजच भासत नाही. नवशिक्याला पहिल्या दिवशी जे शिकवले जाते ते हेच, आणि वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या शॉटमध्ये जो दोष शेवटपर्यंत राहून जातो, तोही बहुधा इथलाच असतो.

मुळात ‘चित्र सरकवणे’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. भिंतीवरची तसबीर काढून शेजारच्या खिळ्याला अडकवली, तर तसबीर तीच राहते आणि बदलते ती फक्त जागा. संगणकातले चित्र असे उचलता येत नाही, कारण ते जागच्या जागी खिळलेल्या खणांच्या कपाटासारखे असते. प्रत्येक खण म्हणजे एक पिक्सेल, आणि १९२० गुणिले १०८० मापाच्या चौकटीत असे २०,७३,६०० खण असतात. चित्र उजवीकडे न्यायचे म्हणजे हे खण हलत नाहीत, तर प्रत्येक खणात कोणता रंग ठेवायचा याचा नव्याने हिशेब होतो. हा हिशेबही उलट्या दिशेने चालतो. जुन्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल कुठे जाईल हे सॉफ्टवेअर विचारत नाही, कारण तसे विचारले तर काही खणांत दोन-दोन रंग येतील आणि काही रिकामे राहतील. ते नव्या चित्रातल्या प्रत्येक खणापाशी उभे राहून विचारते, की इथला रंग जुन्या चित्रात कुठून आणायचा. उत्तर एखाद्या खणाच्या नेमक्या मध्यावर आले तर प्रश्न मिटतो. पण ते बहुतेक वेळा दोन किंवा चार खणांच्या मधल्या अशा एखाद्या जागी येते, जिथे कॅमेऱ्याने काही नोंदवलेलेच नसते. तिथला रंग आजूबाजूच्या नोंदींवरून अंदाजाने काढावा लागतो, आणि या अंदाज काढण्याच्या रीतीला फिल्टर असे नाव आहे.

या अंदाजाची किंमत किती, हे कागदावर पाच आकडे मांडूनही कळते. काळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल रुंदीची पांढरी रेघ आहे असे धरले, तर तिचा आडवा छेद ०, ०, १, ०, ० असा लिहिता येईल. हे चित्र अर्ध्या पिक्सेलने उजवीकडे सरकवले आणि मधली किंमत म्हणून शेजारच्या दोन खणांची सरासरी घेतली, तर रेघ दोन खणांत ०.५ आणि ०.५ अशी वाटली जाते. आता तेच चित्र अर्ध्या पिक्सेलने परत डावीकडे आणले, तर हाती येते ते ०, ०.२५, ०.५, ०.२५, ०. रेघ मूळ जागी परतली, पण तिचा उजळपणा निम्म्यावर आला आणि ती तीन खणांत पसरली. स्टुडिओत याला ‘प्लेट सॉफ्ट झाली’ असे म्हणतात; प्लेट म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले मूळ चित्रण. असा सॉफ्टपणा एका फेरीत डोळ्यांना जाणवतही नाही, चौथ्या-पाचव्या फेरीला जाणवतो, आणि तोवर तो नेमका कोणत्या फेरीत आला हे शोधणे कठीण होऊन बसलेले असते.

प्रत्येक फेरीला मोजावी लागणारी ही किंमत संगणकाने आणलेली नाही. फिल्मच्या काळात चित्र लहानमोठे करण्याचे आणि एकावर एक चढवण्याचे काम ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर होई; त्यात एका बाजूला चित्र दाखवणारा प्रक्षेपक आणि समोर ते पुन्हा टिपणारा कॅमेरा असे. अशा प्रत्येक नकलेबरोबर फिल्मचे कण, म्हणजे ग्रेन, वाढत आणि छायाप्रकाशाचे बारकावे हरवत. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने व्हिस्टाव्हिजनचे जुने कॅमेरे वापरात आणले, त्यामागचे कारण हेच होते: त्या पद्धतीत फिल्म आडवी धावत असल्यामुळे निगेटिव्हवरचे चित्र मोठे मिळे आणि पुढच्या नकलांत होणारी घट त्या मोठेपणात मुरून जाई. त्याच्याही कितीतरी आधी दादासाहेब फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांतील चमत्कारांसाठी फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करण्याची जी युक्ती वापरली जाई, तिच्यात नक्कल नव्हतीच. दोन्ही चित्रे मूळ निगेटिव्हवरच उमटत, म्हणून नकलेतली घटही नसे. मात्र दुसऱ्या वेळी चूक झाली की पहिलेही चित्रण वाया जाई. आजच्या कंपोझिटरला पूर्ववत करण्याची सोय आहे, पण ती हाताच्या चुकीपुरती. घडून गेलेल्या अंदाजांवर ती चालत नाही. सॉफ्ट झालेल्या चित्रावर नंतर धार चढवणारे फिल्टर लावले तर कडा उठून दिसू लागतात, हरवलेला तपशील मात्र त्यातून परत येत नाही.

यावर संगणकाकडे एक असा उपाय आहे, जो ऑप्टिकल प्रिंटरपाशी कधीच नव्हता. सरकवणे, फिरवणे, प्रमाण बदलणे आणि तिरके करणे या चारही क्रिया, म्हणजे रूपांतरे, गणितात आडव्या तीन आणि उभ्या तीन ओळींच्या एका चौकोनात, म्हणजे नऊ आकड्यांच्या मॅट्रिक्समध्ये मांडता येतात. अशा दोन क्रिया पाठोपाठ करायच्या असतील, तर त्यांच्या मॅट्रिक्सचा गुणाकार करून एकच मॅट्रिक्स तयार होते आणि त्या एकाने दोहोंचे काम होते. म्हणून नीट रचलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एकामागोमाग लावलेली पाच रूपांतरे आधी आकड्यांतच एकत्र होतात आणि चित्राला हात एकदाच लागतो. वरच्या उदाहरणात अर्धा पिक्सेल उजवीकडे आणि अर्धा डावीकडे यांचा एकत्रित परिणाम शून्य येतो, आणि रेघ जशी होती तशी, ०, ०, १, ०, ० अशीच बाहेर पडते. न्यूक या सॉफ्टवेअरमध्ये याला कॉन्कॅटिनेशन म्हणतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्याच हेतूचा ‘कोलॅप्स ट्रान्सफॉर्मेशन्स’ नावाचा पर्याय आहे. न्यूकची वाढ कॅलिफोर्नियातल्या डिजिटल डोमेन या दृश्यपरिणामांच्या संस्थेत झाली, आणि २००७ मध्ये ते लंडनच्या फाउंड्री कंपनीकडे गेले. शॉट करणाऱ्यांच्या गरजेतून ते घडले असल्यामुळे असेल, पण कोणत्या क्रिया एकत्र मिळतात आणि कोणत्या मिळत नाहीत, याची जाण वापरणाऱ्याला असेलच हे त्यात गृहीत धरलेले दिसते.

हे गृहीतक अनेकदा खोटे ठरते. न्यूकमध्ये प्रत्येक क्रियेसाठी एक पेटी असते, तिला नोड म्हणतात, आणि नोड तारांनी जोडत गेले की शॉटची जी आकृती तयार होते तिला स्क्रिप्ट. दोन रूपांतराचे नोड शेजारी शेजारी असतील तर त्यांचा हिशेब एक होतो. पण मध्ये रंग बदलणारा किंवा चित्र धूसर करणारा एखादा नोड आला, की साखळी तिथे तुटते, पहिल्या रूपांतराचे चित्र प्रत्यक्ष काढले जाते आणि दुसरे त्या काढलेल्या चित्रावर नव्याने अंदाज बांधू लागते. यात कुठे लाल खूण उमटत नाही की इशारा येत नाही. रंगाचा नोड रूपांतराच्या आधी लावला काय आणि नंतर लावला काय, एरवी फारसा फरक पडत नसतो. म्हणूनच तो कुठेही लावून टाकण्याची सवय जडते आणि दोन दिवसांनी वरिष्ठ विचारतात, ‘‘हे सॉफ्ट का दिसतंय?’’ न तुटलेल्या साखळीत न्यूक शेवटच्या नोडचे फिल्टर धरते, ही आणखी एक गोष्ट. आधीच्या नोडवर विचारपूर्वक निवडलेले फिल्टर मुकाट बाजूला पडते. दुसऱ्याची स्क्रिप्ट हाती आली की मुरलेला कंपोझिटर आधी प्लेटपासून शेवटापर्यंतची तार बोटाने माग काढावा तशी पाहत जातो, त्यामागे चित्राला किती वेळा हात लागला आहे हे मोजणे असते.

मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर बदलते, ही शाळेतल्या गुणाकारापेक्षा वेगळी गोष्ट इथे रोज भेटते. आरंभबिंदूवरची एखादी खूण आधी १०० पिक्सेल उजवीकडे नेली आणि मग आरंभबिंदूभोवती ९० अंशांत फिरवली तर ती वरच्या बाजूला जाऊन बसते. आधी फिरवली आणि मग सरकवली तर ती उजवीकडेच राहते. दहावीच्या भूमितीत निर्देशक शिकलेल्या कोणालाही हे समजते. अडचण येते ती मध्यबिंदूची, म्हणजे ज्याभोवती फिरवायचे त्या खिळ्याची. सॉफ्टवेअर तो आपोआप चौकटीच्या मध्यावर ठेवते, पण रथाचे चाक फिरवायचे असेल तर खिळा आसाच्या मध्यावर हवा, आणि दाराची फळी उघडायची असेल तर बिजागरीवर. खिळा चुकलेला असतानाही सरकवण्याचे आकडे हाताने भरत जाऊन चाक जागेवर ठेवता येते, आणि घाईत तसे केलेही जाते. मग मोजक्या किमतींत होणाऱ्या कामासाठी प्रत्येक फ्रेमला एक किंमत लागते, आणि चाक गडगडण्याऐवजी किंचित लंगडत चालते.

फिल्टर कोणते निवडावे, या प्रश्नाला ठरलेले उत्तर नाही, पण त्यामागचे गणित थोडे उलगडले तर निवड आंधळी राहत नाही. सरासरी घेणारी साधी रीत फक्त दोन शेजारी पाहते. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत चार शेजारी पाहते आणि अर्ध्या पिक्सेलवरची किंमत काढताना जवळच्या दोघांना प्रत्येकी ९/१६, तर दूरच्या दोघांना उणे १/१६ इतके वजन देते. ही उणे वजने कडेला धार देतात, म्हणून कीजने सरकवलेले चित्र साध्या सरासरीपेक्षा कितीतरी टवटवीत राहते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. दृश्यपरिणामांत चित्रे अपूर्णांकी आकड्यांत ठेवलेली असतात आणि पांढऱ्याची किंमत एकावर थांबत नाही. पितळी घागरीवर चमकणाऱ्या उन्हाच्या कवडशाची किंमत ४० देखील असू शकते. काळ्या भागातला असा एकुलता कवडसा कीजने अर्धा पिक्सेल सरकवला, तर थोड्या अंतरावर उणे २.५ किमतीचा पिक्सेल जन्माला येतो. उणे प्रकाश निसर्गात नसतो. पडद्यावर तो नुसता काळा दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो, आणि पुढे कुणी त्यावर रंगाचा किंवा धूसरतेचा नोड लावला की कवडशाभोवती काळे कडे उमटते.

याच्या दुसऱ्या टोकाला मिचेल नावाचे फिल्टर आहे. डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी या बेल लॅबोरेटरीजमधील दोघांनी १९८८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. यांपैकी नेत्रावळी हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. धार आणि धूसरता या दोहोंत कुठे थांबावे हे केवळ सूत्रांवरून न ठरवता त्यांनी जाणकार पाहणाऱ्यांपुढे चित्रे ठेवली, कोणते धूसर वाटते, कोणत्यात कडांभोवती कडी दिसतात, कोणते समाधानकारक आहे अशी त्यांची मते घेतली, आणि सूत्रातल्या दोन्ही मोकळ्या संख्यांसाठी एक तृतीयांश ही किंमत सुचवली. शेवटी डोळ्यांनाच विचारायचे, हा त्यातला सुज्ञपणा या व्यवसायाच्या स्वभावाशी जुळणारा आहे. परंतु या फिल्टरची एक खोड ओळखून असावी लागते: नेमके एका खणावर उभे राहून विचारले तरी ते त्या खणाला ८/९ वजन देते आणि आडव्या दिशेतल्या दोन्ही शेजाऱ्यांना प्रत्येकी १/१८. म्हणजे चित्र पूर्ण पिक्सेलने सरकवले, जिथे अंदाजाची मुळी गरजच नाही, तिथेही सूत्राप्रमाणे ते थोडे मऊ होते. कीजच्या रीतीत पूर्ण पिक्सेलवर शेजाऱ्यांना शून्य वजन मिळते, म्हणून चित्र तंतोतंत राहते. यामुळेच जिथे हालचाल नाही, फक्त एखादी वस्तू थोडी बाजूला ठेवायची आहे, तिथे ४७.३ असा आकडा भरण्याऐवजी ४७ भरणारा कंपोझिटर कंजूष नसून जाणता असतो.

चित्र खूप लहान करताना प्रश्न उलटा होतो. दहापट लहान केलेल्या चित्रातल्या एका खणात मूळचे शंभर खण येऊन पडतात, आणि त्यांतल्या एकालाच विचारून भागवले तर जुन्या चाळीच्या कठड्याचे गज कधी त्या एका खणात येतात, कधी येत नाहीत, आणि कॅमेरा जरा हलला की कठडा वळवळू लागतो. इथे शंभरांचेही मत घेणारे रुंद फिल्टर लागते आणि थोडी धूसरता हीच खरी वाटते.

रूपांतराआधी कडांची स्थिती तपासावी लागते, तीही याच अंदाजांमुळे. कापून घेतलेल्या चित्राबरोबर अल्फा नावाचा चौथा थर असतो, जो प्रत्येक पिक्सेल किती झाकणारा आणि किती पारदर्शक हे सांगतो. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रे एकावर एक ठेवण्याचे जे गणित मांडले, त्यात रंग आधीच अल्फाने गुणून ठेवण्याची पद्धत होती. हिरव्या पडद्यासमोरून कापलेल्या नटाच्या केसांबाहेर अल्फा शून्य असला तरी तिथे पडद्याचा हिरवा रंग उरलेला असू शकतो. न गुणलेले चित्र सरकवले तर फिल्टर केसांच्या रंगात तो हिरवा मिसळून घेते आणि कडेला झाक येते. गुणलेल्या चित्रात बाहेर सगळे शून्यच असल्यामुळे मिसळण्यासारखे काही उरत नाही.

या सर्व क्रियांची कसोटी लागते ती होर्डिंग बदलण्यासारख्या कामात. काही दशकांपूर्वीच्या मुंबईत घडणाऱ्या कथेच्या शॉटमध्ये आजच्या मोबाइल फोनची जाहिरात दिसते आणि तिच्या जागी त्या काळातले एखादे चित्र बसवायचे असते. कॅमेरा चालत्या गाडीतून तिरपा पाहतो आहे, त्यामुळे होर्डिंगचा आयत चित्रात आयत राहत नाही. दूरची कड आखूड आणि जवळची लांब दिसते. नुसते फिरवून आणि लहानमोठे करून हा आकार साधत नाही, कारण त्या क्रियांत समांतर रेषा समांतरच राहतात. म्हणून कॉर्नर पिन वापरतात, ज्यात नव्या चित्राचे चार कोपरे प्लेटमधल्या चार कोपऱ्यांना टाचले जातात. चार कोपऱ्यांचे आडवे-उभे मिळून आठ आकडे, आणि मॅट्रिक्सच्या नऊ आकड्यांतला एक प्रमाणापुरताच असल्याने मोकळे उरणारेही आठ. म्हणून चार कोपरे सांगितले की सपाट पृष्ठभागाचे तिरपे दर्शन पूर्णपणे ठरते. यामागची एकजिनसी निर्देशकांची कल्पना जर्मन गणिती ऑगस्ट मोबियस यांनी १८२७ मध्ये मांडली. तिच्यात प्रत्येक बिंदूला दोनाऐवजी तीन आकडे मिळतात आणि शेवटी तिसऱ्याने बाकीच्यांना भागले जाते. त्या एका भागाकारातून दूरचे लहान दिसू लागते. होर्डिंगचा मध्य त्यामुळे चित्रातल्या दोन कडांच्या बरोबर मध्ये येत नाही, कर्ण जिथे छेदतात तिथे येतो. हाताने ताणून बसवलेल्या चित्रात हाच मध्य चुकलेला असतो, आणि ‘काहीतरी खटकतंय’ असे म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला तो दाखवता आला नाही तरी जाणवलेला असतो.

कोपरे प्रत्येक फ्रेमला कुठे जातात, हे ट्रॅकर शोधतो; तो प्लेटमधला एक लहान चौकोन लक्षात ठेवून पुढच्या फ्रेममध्ये तसाच चौकोन कुठे आहे ते पाहतो. एक बिंदू मिळाला तर सरकणे कळते, दोन मिळाले तर फिरणे आणि मोठे होणेही, चार मिळाले तर कॉर्नर पिन. ट्रॅक थरथरला तर नवे होर्डिंग ‘तरंगते’, हळूहळू चुकत गेला तर ‘सरकते’. हे दोन वेगळे आजार आहेत आणि पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. थरथर गाळण्यासाठी आकड्यांचा आलेख गुळगुळीत करण्याचा मोह होतो, पण गाडी खड्ड्यातून गेल्यामुळे बसलेला खरा धक्काही त्यात गाळला जातो आणि प्लेट हादरत असताना होर्डिंग मात्र शांत उभे राहते. अर्धा पिक्सेल म्हणजे किती, असे कोणी विचारले तर १२ मीटर रुंद पडद्यावर २०४८ पिक्सेल मांडून पाहावेत: एक पिक्सेल जवळपास ६ मिलिमीटरचा होतो, आणि ३ मिलिमीटरची थरथर पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसते.

जागा जुळली तरी काम संपत नाही. सेकंदाला २४ फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे शटर निम्मा वेळ उघडे असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये १/४८ सेकंदाची हालचाल पुसटून आलेली असते. नवे होर्डिंगही तेवढेच पुसट हवे, म्हणून रूपांतराचा नोड शटर उघडण्यापासून मिटण्यापर्यंतच्या अनेक मधल्या जागा काढून त्यांची सरासरी घेतो. हीच पुसटता स्थिरीकरणात सर्वांत जास्त त्रास देते. हादरणारा शॉट स्थिर करून दिला की चित्र जागेवर थांबते, पण मूळच्या धक्क्याच्या फ्रेममधली पुसटता तशीच राहते, आणि न हलणारे चित्र मधूनच कारणाशिवाय धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होते. जागेचा हिशेब उलटवता येतो. शटर उघडे असताना फिल्मवर किंवा सेन्सरवर जे मिसळून गेले, ते रूपांतराच्या कोणत्याही नोडने वेगळे होत नाही.

म्हणूनच जाणते लोक प्लेटला शक्यतो हलवत नाहीत. भिंतीवरची आधुनिक वायर पुसायची असेल, तर प्लेट स्थिर करायची, स्थिर चित्रावर वायर रंगवून काढायची आणि मग सगळे चित्र पुन्हा हलते करायचे, ही सोपी वाट आहे. तिच्यात पूर्ण चित्र दोन अंदाजांतून जाते आणि ग्रेनही पुसला जातो. दुसऱ्या वाटेने फक्त वायर झाकणारा रंगवलेला तुकडा तेवढा हलता करून मूळ, न शिवलेल्या प्लेटवर ठेवतात. तुकड्यातला ग्रेन आधी काढून नंतर नव्याने घालावा लागतो, कारण ग्रेन हा दृश्याचा भाग नसून टिपणाऱ्या माध्यमाचा आहे. तो तुकड्याबरोबर चिकटून सरकू लागला तर तिथे मळकी काच धरल्यासारखी दिसते. शॉट ११० टक्क्यांपर्यंत मोठा करून मागितला जातो तेव्हाही हाच विचार पुढे येतो. मोठे करण्याची मागणी कथेच्या दृष्टीने बहुधा योग्य असते, ते मोठे करणे कधी आणि कोणाच्या हातून व्हावे हा मात्र वादाचा भाग आहे. कंपोझिटरने एकदा आणि संकलकाने पुन्हा एकदा मोठे केलेले शॉट आढळतात.

भिंगाची वक्रता ही नऊ आकड्यांच्या चौकोनात न मावणारी गोष्ट आहे. रुंद कोनाच्या भिंगातून पाहिलेल्या इमारतीच्या सरळ कडा चौकटीच्या टोकांना बाहेर फुगतात, आणि संगणकावर बांधलेली इमारत मात्र काटेकोर सरळ असते. प्लेट सरळ करून घेऊन तिच्यावर संगणकाची इमारत बसवता येते, पण अंतिम चित्रात प्लेट सरळ न करता इमारतीलाच भिंगासारखे वाकवणे बरे. त्यासाठी पुष्कळदा एसटी मॅप वापरतात. हे एक विचित्र चित्र असते: त्याच्या प्रत्येक पिक्सेलचा लाल भाग ‘आडवे कुठून आणायचे’ आणि हिरवा भाग ‘उभे कुठून आणायचे’ हे शून्य ते एक या मापात सांगतो. डावीकडून उजवीकडे लाल आणि खालून वर हिरवा होत जाणारा तो पट पाहताना त्यात भिंग दडले आहे असे वाटतही नाही. रंग म्हणून तो निरर्थक आहे, पत्ता म्हणून अचूक असावा लागतो. आणि चूक होते ती तिथेच. रंगांच्या फायली १६ बिटांच्या अपूर्णांकात साठवण्याची सवय असते, रंगाला तेवढी अचूकता पुरते, पण त्या मापात ०.५ ते १ यांच्या दरम्यानची सर्वांत लहान पायरी १/२०४८ असते. ४०९६ पिक्सेल रुंद चित्रात ती पायरी दोन पिक्सेलांची होते, म्हणजे उजव्या अर्ध्या भागात पत्ते दोन-दोन घरे उड्या मारत जातात आणि इमारतीच्या कडा दातेरी होतात. असा मॅप ३२ बिटांतच साठवावा लागतो. मॅप तयार करताना पिक्सेलचा पत्ता त्याच्या कोपऱ्यावरून धरायचा की मध्यावरून, हेही ठरलेले असावे लागते. नाहीतर काहीच न वाकवणारा मॅपदेखील सारे चित्र अर्ध्या पिक्सेलने सरकवून ठेवतो आणि सुरुवातीच्या उदाहरणातली रेघ दोन खणांत वाटली जाते.

जाळे टाकून किंवा वक्ररेषा ओढून चित्र हवे तसे वळवणाऱ्या साधनांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. फाटका ध्वज फडकवणे, दोन नटांच्या खांद्यांची रेषा जुळवणे यांसाठी ती उपयोगी आहेत. नायकाची कंबर बारीक करण्यासाठी मात्र ती सर्वांत जास्त वापरली जातात, आणि कंबर आत घेताना मागच्या दाराची चौकटही आत वळते, हे कामाचे पैसे देणाऱ्याला दिसत नसले तरी चौकटीकडे पाहणाऱ्याला दिसते.

होर्डिंगचा शॉट पूर्ण झाला की तो तपासण्याची जुनी रीत अशी, की ज्या ट्रॅकवर नवे चित्र बसवले त्यावर न विसंबता नव्याने घेतलेल्या एका ट्रॅकने तयार शॉटच होर्डिंगवर स्थिर करून पाहायचा. मग होर्डिंगची लोखंडी चौकट पडद्याच्या मध्ये खिळून उभी राहते, रस्ता, माणसे, आभाळ सारे तिच्याभोवती डोलू लागते, आणि चौकटीच्या आत नवे चित्र जरासे जरी घसरत असेल तर डाव्या कोपऱ्यातल्या बोल्टपाशी लगेच उघडे पडते. या एका रूपांतराला फिल्टर कोणते, साखळी कुठे तुटते, प्लेट सॉफ्ट होते का, यांतले काही विचारावे लागत नाही, कारण ते कोणाला द्यायचे नसते. पाहून झाले की तो नोड पुसून शॉट रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र काढायला, लावायचा. पुसायचे राहून गेले, तर दुसऱ्या दिवशी डेलीजमध्ये, म्हणजे रोजचे काम एकत्र पाहण्याच्या बैठकीत, सर्वांसमोर होर्डिंग स्थिर असते आणि मुंबई हलत असते.